बाबांच्या पोटातला गोळा ऑपरेशनशिवाय निघाला – ठाण्यात पाचपाखाडीतल्या गॅस्ट्रो हॉस्पिटलचा अनुभव

५ पैकी ४ स्टार देतेय, एक स्टार फक्त बिलिंग काउंटर आणि पार्किंगसाठी कापला, डॉक्टरांना मी ५ च्या वर दिले असते.

बाबांना जुना डायबेटिस, अल्सरसाठी पोटाचं ऑपरेशन पूर्वी झालेलं आणि कवळी असून जेवताना काढून ठेवायची सवय. दोन घास खाल्ले की पोट गच्च, मग उलटी, वजन उतरत चाललेलं. आधी जिथे दाखवत होतो तिथे फक्त अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या बदलत राहिले. इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत काय काय खाता ते खोदून खोदून विचारलं, अगदी फळं सालीसकट खाता का इथपर्यंत. आणि तिथेच सापडलं, बाबा थंडीत वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारातून परसिमॉनची (टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ) पेटीच आणतात.

एन्डोस्कोपी केली तर जठरात काथ्यासारखा घट्ट गोळा. याला फायटोबेझोअर म्हणतात, म्हणजे न पचलेल्या फळाभाज्यांच्या धाग्यांचा गोळा. कच्च्या परसिमॉनमधलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये गोंदासारखं चिकटतं आणि सगळे धागे धरून ठेवतं, म्हणून हा गोळा बाकीच्यांपेक्षा कडक असतो. त्यात डायबेटिसमुळे जठर हळू रिकामं होतं आणि जुन्या ऑपरेशनमुळे अ‍ॅसिड कमी, मग गोळा व्हायला वेळ लागत नाही.

आता उपचार. डॉक्टर म्हणाले, काका, तुम्हाला कोला पाजणार आहोत. आई तर उठूनच उभी राहिली, शुगरच्या पेशंटला कोला? पण त्यांनी शांतपणे बसवून समजावलं की ग्रीसमधल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये हे छापलंय, २०१३ मध्ये तोपर्यंतच्या ४६ पेशंटची माहिती एकत्र केली तेव्हा १० पैकी ९ जणांचा गोळा गेला होता, साधारण निम्म्यांचा नुसत्या कोलाने आणि बाकीच्यांना एन्डोस्कोपीची जोड लागली. कोलाचा आम्लपणा जवळपास पोटातल्या अ‍ॅसिडइतका असतो आणि गॅसचे बुडबुडे धाग्यांच्या फटीत शिरून गोळा भुसभुशीत करतात. या उपचारात ३ लिटरपर्यंत कोला देतात आणि साध्या कोलाच्या ३ लिटरमध्ये ३०० ग्रॅमच्या वर साखर जाते, म्हणून बाबांना शुगर फ्रीवाला दिला, दिवसभरात थोडा थोडा करून, आणि शुगर तरीही सारखी तपासत होते. मग एन्डोस्कोपीतूनच तारेच्या फासाने गोळ्याचे तुकडे केले आणि काढले. पोटावर एक टाका नाही!!

मला सगळ्यात आवडलं ते हे की कोला द्यायच्या आधी त्यांनी सीटी स्कॅन करून गोळा आतड्यात सरकलेला नाही ना ते बघितलं. कारण मऊ झालेला तुकडा पुढे जाऊन लहान आतड्यात अडकू शकतो, तिथे मग बहुतेक वेळा ऑपरेशनच करावं लागतं. म्हणून हात जोडून सांगते, हे वाचून घरी बाटल्या आणून कोणाला पाजू नका. केसांचा गोळा असेल तर तो कोलाने विरघळतही नाही.

सिस्टर लोक फार प्रेमाने वागतात, रात्रीच्या सिस्टर तर बाबांना गोष्टीत गुंतवून एकेक घोट पाजत होत्या. मेडिक्लेमचं अप्रूव्हल मात्र संध्याकाळपर्यंत लटकलं आणि काउंटरवर कोणी धड उत्तर देत नाही. गाडी आणू नका, तीन हात नाक्यावरून रिक्षा करा.

डिस्चार्जला डाएटिशियनने मराठीत कागद लिहून दिला: परसिमॉन बंद, संत्र्याची फोड सालपट आणि पांढरे धागे काढून, फणस आणि शेवग्याच्या शेंगा सध्या नको, कवळी लावूनच जेवायचं आणि नीट चावायचं. गोळा परत होऊ शकतो म्हणून फॉलोअपची एन्डोस्कोपीही सांगितलीय.

ज्यांना नुसतं जडपणा, लवकर पोट भरणं असं आहे त्यांनी ओपीडीत दाखवावं. पण पोट फुगलंय, हिरवट उलट्या होतायत आणि गॅससुद्धा पास होत नाही असं असेल तर अपॉइंटमेंट घेत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या, ती रात्रभर चालू असते.