ट्रेलरच्या ड्रम ब्रेकला मॅन्युअल स्लॅक की ऑटो स्लॅक?

जुन्या ट्रेलरचे सगळे स्लॅक ॲडजस्टर एकदम बदलायची वेळ आली की मालकापुढे दोन वाटा असतात. पुन्हा मॅन्युअल, म्हणजे पान्याने हाताने ओढायचे बसवायचे, नाहीतर बरेच जास्तीचे पैसे घालून ऑटो, म्हणजे आपोआप ओढले जाणारे घ्यायचे. दुकानात हमखास ऐकू येतं, "ऑटो लावा, परत गाडीखाली जायलाच नको." माझा सगळा आक्षेप या वाक्याला आहे. रोज घाट उतरणाऱ्या ट्रेलरला ऑटोच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. पण गाडीखाली जावं लागू नये म्हणून तो घेणार असाल, तर मॅन्युअलच बरा.

आधी हा भाग नेमकं काय करतो ते पाहू. पायडल दाबलं की हवा ब्रेक चेंबरमध्ये जाते आणि आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, पुश रॉडला बाहेर ढकलतो. रॉड स्लॅकला ढकलतो, स्लॅक कॅम शाफ्ट फिरवतो, आणि इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा कॅम दोन्ही शू, म्हणजे लायनिंग चढवलेल्या कमानी, फाकवून चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला टेकवतो. टी-३० मापाच्या चेंबरला सुमारे ७ बार हवा मिळाली की पुश रॉडवर साधारण १,३५० किलोचा जोर येतो. साध्या टी-३० चेंबरचा पूर्ण स्ट्रोक, म्हणजे रॉड जास्तीत जास्त बाहेर येण्याचं अंतर, ६४ मिमी असला तरी भरवशाचा भाग ५१ मिमीपर्यंतच. त्यापुढे जोर झपाट्याने घटतो. लायनिंग झिजलं की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं आणि रॉडला जास्त बाहेर यावं लागतं. ते शू-ड्रममधलं अंतर पुन्हा कमी करणं, म्हणजे ब्रेक ओढणं, एवढ्यासाठीच स्लॅकला ॲडजस्टर म्हणतात.

आता घाटाचा विचार करा. बोरघाटात लांब उतारावर ब्रेक धरून आलं की बिडाचा ड्रम तापून फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. यार्डात ४८ मिमी भरलेला स्ट्रोक तापलेल्या ड्रमवर मर्यादा सहज ओलांडतो. आणि हे ड्रायव्हरच्या पायाला कळत नाही. ऑइल ब्रेकच्या गाडीत पायडल खोल जाऊन इशारा मिळतो. एअर ब्रेकच्या पायडलला चाकापाशी रॉड किती बाहेर आला याचा पत्ताच नसतो. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर वर्षानुवर्षं अपघात होत आलेत. तिथे गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याच्या चुकीबद्दल बोललं जातं, ते योग्यच आहे. पण गाडी उताराला लागली तेव्हा तिच्या मागच्या चाकांचा स्ट्रोक किती होता, हे फार कमी जण विचारतात.

मॅन्युअल स्लॅकची मोठी जमेची बाजू म्हणजे साधेपणा. आत एक वर्म, म्हणजे आटे असलेला दांडा, आणि एक दातेरी चाक. रस्त्यावरचा कुठलाही मिस्त्री तो बसवतो, ओढतो, बदलतो. चाकांना ठोकळे लावा, हवा पूर्ण भरा, पार्किंग ब्रेक सोडा. नटावरची लॉक कॉलर आत दाबून शू ड्रमला टेकेपर्यंत नट फिरवा आणि मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. फिरवताना कॅम ब्रेक लागण्याच्या दिशेनेच फिरतोय ना, हे बघा. ड्रमवर हातोडीने हलकेच वाजवलं आणि टण्ण आवाज आला तर शू सुटलेला आहे. बद्द आवाज आला तर अजून चिकटून आहे. शेवटी कॉलर परत बाहेर आली का ते बघायचं, नाहीतर नट आपोआप फिरतो.

त्याची उणी बाजू माणसात आहे. तीन धुऱ्यांच्या ट्रेलरला सहा स्लॅक. सहाही सारखे ओढले गेले तरच सगळी चाकं सारखी थांबतात. घाईत बाहेरचे दोन ओढले आणि चिखलातले राहून गेले, की ओढलेल्या चाकांवर सगळा भार येतो, तीच तापतात, त्यांचीच लायनिंग जळतात. घाटाखाली थांबून गरम ड्रमवर ब्रेक ओढायची सवय तर सरळ नुकसानीची. ड्रम थंड होऊन आकसला की शू घासत राहतो.

ऑटोचं खरं मोल इथे आहे. ब्रेक मारता मारता तो वाढलेलं अंतर स्वतःच भरून काढतो, त्यामुळे धुऱ्याच्या दोन्ही बाजू बऱ्यापैकी सारख्या राहतात. अमेरिकेत ऑक्टोबर १९९४ पासून बनणाऱ्या एअर ब्रेकच्या नव्या ट्रक-ट्रेलरना तो सक्तीचा झाला, तो याचसाठी.

पण ऑटो फक्त झीज भरून काढतो, बिघाड दुरुस्त करत नाही. कॅम शाफ्टचे बुश ढिले, चेंबरचा ब्रॅकेट हलतोय, रॉड आणि स्लॅक जोडणारी क्लेव्हिस पिन झिजलेली, रिटर्न स्प्रिंग मेलेली, किंवा ऑटोचा कंट्रोल आर्म वाकलेला, यातलं काहीही असलं तरी स्ट्रोक वाढतो. अशा वेळी मिस्त्री मॅन्युअलच्या सवयीने पाना लावून ऑटो ओढून देतो. स्ट्रोक त्या दिवशी बरोबर भरतो, थोड्या दिवसांत पुन्हा वाढतो, आणि मूळ दोष तसाच राहतो. २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ग्लेन रॉक इथे उतारावर एका डंपरचे ब्रेक गेले आणि तो चार मोटारींवर आदळला. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपासात नेमकं याच सवयीवर बोट ठेवलं: ऑटो स्लॅक हाताने ओढायचा आणि तो का ढिला झाला हे शोधायचंच नाही. म्हणून ऑटोच्या नटाला पाना फक्त बसवताना आणि शू बदलताना लागावा. काही बनावटींमध्ये नट मागे फिरवण्याआधी पॉल, म्हणजे दाते अडवणारा खटका, ओढून धरावा लागतो. जोर लावून तसाच फिरवला तर आतले दाते जातात.

तपासणी दोन्हींना सारखीच आहे. सपाट जागा, ठोकळे, इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडलेला. पुश रॉडवर चेंबरच्या तोंडाशी खडूची खूण करायची. टाकीत सुमारे ६.५ बार हवा असताना एकाने ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि दुसऱ्याने खूण किती बाहेर आली ते मोजायचं. साध्या टी-३० ला ५१ मिमीच्या आत, टी-२४ ला ४५ मिमीच्या आत. लाँग स्ट्रोक चेंबरची मर्यादा वेगळी असते, म्हणून आधी चेंबरवरचा शिक्का वाचा. त्याच बैठकीत कॅम शाफ्ट हाताने वरखाली हलवून बुश बघा. लायनिंग शूच्या मध्यावर ६ मिमीच्या आसपास आलं असेल तर बदला. हबच्या सीलमधून ग्रीस गळून लायनिंगवर आलं असेल तर ते पुसून किंवा जाळून पुन्हा वापरू नका. सील बदला आणि त्या धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना नवं लायनिंग लावा. ड्रम लेथवर काढण्याआधी त्यावर कोरलेला कमाल व्यास वाचा. आरपार तडा असेल तर ड्रम भंगारात. ब्रेकची धूळ मात्र हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसा. पार्किंगच्या स्प्रिंग चेंबरची पट्टीही कधी खोलू नका. आतली दाबलेली स्प्रिंग जीव घेते.

न्हावा शेव्याहून कंटेनर घेऊन पुणे, नाशिक, सोलापूर करणाऱ्याला ऑटोचे पैसे वसूल होतात, कारण तिथे दोन चाकांतला फरकच घात करतो. उलट हंगामापुरता निघणारा आणि बाकीचे महिने पावसात उभा राहणारा ट्रेलर असेल, तर ऑटोच्या आतला क्लच गंजून अडकू शकतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तिथे मॅन्युअल ठेवा आणि हंगामाआधी सहाही चाकं मोजा. ज्याच्याकडे ठरलेला मिस्त्री नाही, गाडी जिथे उभी राहील तिथे काम होतं, त्यानेही ऑटोची घाई करू नये. ऑटोला ग्रीस वेळेवर लागतं, आणि जिथे कोणी खाली जात नाही तिथे ते राहून जातंच.

ऑटो घ्यायचं ठरलं तर एका धुऱ्याच्या दोन्ही बाजू एकाच बनावटीच्या घ्या. एका बाजूला मॅन्युअल आणि दुसऱ्या बाजूला ऑटो कधीच नको. दुकानात जाण्याआधी कॅम शाफ्टचे दाते मोजा, १० आहेत की २८, आणि जुन्या स्लॅकच्या दांड्याची लांबी शाफ्टच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत घ्या. ढिले बुश त्याच दिवशी बदलून घ्या, नव्या ऑटोवर जुने बुश ठेवू नका. बसवून झाल्यावर यार्डातच पंधरा-वीस वेळा पूर्ण ब्रेक मारा, पुन्हा खडूची खूण करून सहाही स्ट्रोक मोजा आणि आकडे तारखेसह गाडीच्या वहीत लिहा. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर ड्रम थंड झाले की परत मोजा आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. एखाद्याच चाकाचा आकडा वाढलेला दिसला तर त्या चाकाचा ब्रॅकेट, पिन आणि बुश आधी तपासा.