चालू सर्व्हरचे नेटवर्क इंटरफेस टेराफॉर्मखाली आणताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्याची यंत्रणा मी सांभाळतो, त्याचे सर्व्हर एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई रिजनमध्ये आहेत आणि ते सगळे वेब कन्सोलवरून हाताने उभे केलेले होते. यंत्रांवरची माहिती व्हीपीएनमधून ज्या खासगी आयपी पत्त्यांवर जाते ते पत्ते बदलणे शक्य नव्हते, म्हणून नवे सर्व्हर न उभारता चालू सर्व्हर आणि त्यांचे नेटवर्क इंटरफेस (आभासी नेटवर्क कार्डे) हेच टेराफॉर्म या यंत्रणा कोडमध्ये लिहून सांभाळणाऱ्या साधनाखाली आणले.

टेराफॉर्मच्या 2023 मधील 1.5 या आवृत्तीपासून इंपोर्ट ब्लॉक (आधीपासून असलेली गोष्ट ताब्यात घेण्याची सूचना) कोडमध्येच लिहिता येतो, त्यामुळे काय ताब्यात येणार आहे ते आधी प्लॅनमध्ये, म्हणजे होणाऱ्या बदलांच्या यादीत, दिसते आणि सहकाऱ्याकडून तपासूनही घेता येते. आपोआप तयार होणारा कोड मात्र कच्चा मसुदा समजावा. त्यात एकत्र न चालणारे गुणधर्मही येतात.

खरी काळजी प्राथमिक, म्हणजे सर्व्हरच्या पहिल्या इंटरफेसची घ्यावी लागते. सर्व्हर पहिल्यांदा उभा होताना हा इंटरफेस सहसा एडब्ल्यूएसकडूनच तयार होतो आणि सर्व्हरपासून सोडवता येत नाही. त्याला कोडमध्ये वेगळे अस्तित्व देण्याच्या प्रयत्नात प्लॅनमध्ये 'फोर्सेस रिप्लेसमेंट' हे शब्द दिसले, तर सर्व्हर पाडून नवा उभा राहणार असतो. मूळ सेटिंग न बदलल्यास जुन्याबरोबर त्याची रूट डिस्क आणि तो इंटरफेसही जातो. म्हणून प्राथमिक इंटरफेस सर्व्हरच्याच रिसोर्समध्ये (कोडमधल्या नोंदीत) राहू द्यावा, आणि जादा सिक्युरिटी ग्रुप (कोणती रहदारी येऊ-जाऊ द्यायची याचे नियम) लावायचा असल्यास इंटरफेसच्या आयडीवर स्वतंत्र अटॅचमेंट रिसोर्स लिहावा. तोच ग्रुप सर्व्हरच्या यादीतही सांभाळायला गेले, की दोन रिसोर्स एकमेकांचे बदल पुसत राहतात.

दुय्यम इंटरफेसच्या बाबतीत मात्र मी पूर्ण समाधानी आहे. तो स्वतंत्र रिसोर्स म्हणून ठेवला, तर सर्व्हर बदलला तरी पत्ता टिकतो. नवा सर्व्हर त्याच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (रिजनमधल्या डेटा सेंटरच्या त्याच गटात) असला म्हणजे झाले. पण ऑपरेटिंग सिस्टीममधले राउटिंग टेराफॉर्मला दिसत नाही. दुसऱ्या इंटरफेसवर आलेल्या विनंतीचे उत्तर पहिल्यावरून निघू लागले, तर प्लॅन स्वच्छ असूनही जोडणी होत नाही, आणि त्यासाठी नेटप्लॅन या उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये वेगळा राउटिंग टेबल लिहावा लागतो.

चालू सर्व्हरवर 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' ही पाडण्यापासून रोखणारी सेटिंग मी सक्तीने लावतो, परंतु रिसोर्सचा ब्लॉकच कोडमधून काढला तर ते संरक्षणही त्याच्यासोबत जाते, त्यामुळे ब्लॉक काढणाऱ्या प्रत्येक बदलाचा प्लॅन दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय आमच्याकडे अप्लाय, म्हणजे प्रत्यक्ष लागू, होत नाही.