विजांना घाबरणारं कुत्रं: जॅकेट, खाऊ की गोळी?

ठाण्यात जुलै-ऑगस्टचा पाऊस दिवसेंदिवस कोसळतो, पण त्यात गडगडाट फारसा नसतो. कुत्र्यांचे खरे हाल होतात ते मेअखेरीच्या वळवाच्या सरींपासून मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत, आणि पुढे सप्टेंबरच्या शेवटी परतीच्या पावसात. हे ढग बहुतेक वेळा दुपारनंतर चढतात. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये कुत्रं एकटं असतं आणि माणसं ऑफिसात किंवा लोकलमध्ये. परतीचा पाऊस ओसरतो न ओसरतो तोच दिवाळीचे फटाके सुरू होतात. त्यामुळे कुठला उपाय घ्यायचा हे ठरवताना कुत्र्याची भीती किती आहे, हातात किती आठवडे आहेत आणि वीज कडाडताना घरी कोण असतं, या तीन गोष्टी आधी पाहा.

भीती मोजायची एक साधी खूण आहे. गडगडाट चालू असताना त्याच्यासमोर उकडलेल्या चिकनचा तुकडा धरा. थरथरत का होईना, खाल्लं तर बरंच काही घरच्या घरी जमू शकतं. एरवी चिकनसाठी जीव टाकणारं कुत्रं तोंड फिरवत असेल, तर ते शिकण्या-समजण्याच्या पलीकडे गेलंय असं धरा. आमच्याच मजल्यावर एक देशी कुत्री आहे. पहिल्या कडकडाटाला ती बाथरूममध्ये बादलीमागे शिरते, लाळेने छाती भिजते, आणि दार बंद असलं तर नखांतून रक्त येईपर्यंत ओरबाडते. तिला नुसतं जॅकेट घालून भागेल असं मला अजिबात वाटत नाही.

तरी लोक सुरुवात जॅकेटपासूनच करतात, कारण ते ऑनलाइन मागवता येतं आणि डॉक्टरकडे जावं लागत नाही. छातीभोवती घट्ट बसणाऱ्या या अंगरख्याच्या दाबाने काही कुत्री खरंच सैलावतात. पण बर्न विद्यापीठाच्या स्टेफनी रीमर यांनी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांची मोठी पाहणी केली, ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत जॅकेट वापरणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांनीच फरक पडल्याचं सांगितलं. खाऊ किंवा खेळ देऊन आवाजाशी चांगली गोष्ट जोडणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होतं, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचं ६९, तर रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवून केलेल्या सरावाचं ५५. पाहणी फटाक्यांची होती आणि उत्तरं मालकांची, तरी निवडीची दिशा त्यातून नीट कळते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मेच्या दमट उकाड्यात आधीच धापा टाकणाऱ्या कुत्र्याला घट्ट कापडात गुंडाळलं तर अंग तापतं. म्हणून पंखा चालू असताना, कुणी जवळ असेल तेव्हाच घाला. एकटं असताना नकोच.

प्लगला लावायचे फेरोमोन (कुत्र्याला धीर देणारा म्हणून विकला जाणारा गंध), हर्बल थेंब वगैरे त्याच पाहणीत सगळ्यांत मागे राहिले. शिवाय पहिल्याच वादळात लाइट गेली की प्लगवालं यंत्र बंद.

खाऊचा उपाय स्वस्त आहे, पण वेळेत करावा लागतो. आवाज आला की लगेच आवडीचा घास किंवा ओढाओढीचा खेळ. क्रम महत्त्वाचा, आधी गडगडाट, मग खाऊ. याने भीतीला लाड मिळतात आणि ती वाढते, असं अजूनही अनेक जण म्हणतात. तसं होत नाही. भीती ही काही हट्टाने केलेली वागणूक नाही. जवळ घेतलेलं आवडत असेल तर खुशाल जवळ घ्या. मोबाइलवर गडगडाट अगदी बारीक आवाजात लावून हळूहळू वाढवत नेण्याचा सराव मात्र नोव्हेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांतच करा. पावसाळ्यात एकच खरं वादळ सगळी मेहनत धुऊन काढू शकतं. त्यातून स्पीकरमधून ना विजेचा लखलखाट येतो ना सोसाट्याचा वारा, त्यामुळे सरावात शांत राहिलेलं कुत्रं खऱ्या वादळात पुन्हा बिथरू शकतं.

गोळीचं नाव काढलं की अनेक घरांत कपाळाला आठ्या पडतात. मला वाटतं, चिकन नाकारण्याइतक्या घाबरलेल्या जिवाला औषधावाचून ठेवणं जास्त क्रूर आहे. औषधं दोन तऱ्हांची. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिनसारखी औषधं त्या दिवसापुरती असतात, पण गडगडाटाच्या साधारण तास-दोन तास आधी पोटात जावी लागतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास २० ते ४० किलोमीटरवर वीज पडतेय हे सांगतं. ते उपयोगी आहेच, पण तेवढ्या अवधीत गोळी लागू पडेलच असं नाही. ठाणे जिल्ह्यासाठी विजांसह पावसाचा इशारा सकाळीच पाहून त्या दिवशी केव्हा द्यायची, हे डॉक्टरांशी आधी बोलून ठेवावं. पहिली मात्रा कोरड्या, शांत दिवशी, सुट्टी असताना द्या. म्हणजे किती गुंगी येते ते दिसेल.

फ्लुओक्सेटिनसारखी रोजची गोळी फार घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी. तिचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे मेअखेरीच्या ढगांसाठी एप्रिलच्या सुरुवातीलाच डॉक्टरांकडे जायला हवं. डॉक्टर फक्त एसप्रोमाझिन हे गुंगीचं औषध देऊन भागवत असतील तर प्रश्न विचारा. त्याने कुत्रं निपचित पडतं, पण आतली भीती तशीच राहते. माणसांचं गॅबापेंटिन सिरप परस्पर देऊ नका, काहींमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे. म्हाताऱ्या कुत्र्याला अचानक विजांची भीती बसली असेल, तर गोळी मागण्याआधी सांधे तपासून घ्या. दुखणाऱ्या अंगाला दचकणंही सोसत नाही.

आता माझा कौल. खाणारं कुत्रं आणि घरी माणूस असेल, तर खाऊ. त्याला हवं तर सोबत जॅकेट. न खाणारं किंवा दुपारभर एकटं राहणारं असेल, तर आधी डॉक्टर, बाकी सगळं नंतर. आणि यातलं काहीही निवडलंत तरी बाथरूमचं दार उघडं ठेवा, बाल्कनीचं सरकतं दार लावून घ्या, पट्ट्यावर फोन नंबर लिहा. घाबरलेलं कुत्रं डिलिव्हरीवाल्यासाठी उघडलेल्या दारातून जिन्याने खाली कधी सुटतं ते कळतही नाही, तेव्हा गेटवरच्या वॉचमनना त्याचा फोटो आधीच दाखवून ठेवा.