३२१ म्हणून २०२ गळ्यात मारला

घरी बांधलेल्या विमानाला रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असलेलं) बसवणारे आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे त्याच्या एक्झॉस्टचा पाइप विकणाऱ्याला खोलात जाऊन विचारणारं सहसा कुणी भेटत नाही. आम्हाला भेटलेला व्यापारी ते ओळखून होता.

इंजिन माझदाचं १३बी, दोन रोटर, १३०८ सीसी. यातला जाळ पुरता विझायच्या आत धूर बाहेर सोडणारं पोर्ट उघडतं, म्हणून पिस्टन इंजिनापेक्षा धूर जास्त तापलेला बाहेर येतो. पूर्ण जोरावर तापमान ९०० अंशांपुढे जातं. म्हणून मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जोडणीला, एसएस ३२१ ठरवलं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा ३२१ ग्रेड. त्यातलं टायटॅनियम कार्बनला धरून ठेवतं. नेहमीच्या ३०४ ग्रेडमध्ये तोच कार्बन वेल्डशेजारचं क्रोमियम खातो आणि उरलेलं काम रत्नागिरीजवळच्या आमच्या मिऱ्याची खारी हवा करते.

मुंबईच्या त्या व्यापाऱ्याने पाइप, बेंड आणि मिल टेस्ट सर्टिफिकेट (धातूच्या चाचणीचा कारखान्याचा दाखला) दिलं. वर लोहचुंबक लावून दाखवलं, "बघा, चिकटतो का?" ही निव्वळ नजरबंदी. २०२, ३०४, ३२१ या स्टेनलेसच्या ग्रेडांपैकी कशालाच चुंबक सहसा चिकटत नाही. सर्टिफिकेट खरं होतं, पण दुसऱ्याच मालाचं. पाइपवर छापलेला हीट नंबर (धातू कुठल्या वितळणीतला ते सांगणारा) बफिंग करून घालवलेला, आणि तेही उपकार केल्यासारखं, "चकाचक करून दिलंय साहेब."

स्टँडवर इंजिन चालवलं तर बेंडच्या आतून पापुद्रे सुटायला लागले, फ्लँजच्या वेल्डला चीर गेली. मिरकरवाड्याच्या ट्रॉलरांवर काम करणारा आमचा फिटर तुकडा हातात घेऊन म्हणाला, "भाऊ, ह्यो जिन्याच्या कठड्याचा पाइप हाय." लोट्याच्या एका केमिकल कारखान्यात ओळखीच्या माणसाने पीएमआय गन (धातूत काय किती आहे ते दाखवणारं यंत्र) लावली. निकेल ४ टक्क्यांच्या आसपास, मँगनीज ८ च्या वर, टायटॅनियम नाहीच. म्हणजे सरळसरळ २०२. ३२१ मध्ये निकेल किमान ९ टक्के हवं.

आमच्या विमानाचा पंखा मागे आहे. हवेत तुकडा सुटला असता तर थेट पंख्यात गेला असता. पंखा पुढे असलेल्यांनीही निवांत राहू नये, फुटक्या मॅनिफोल्डचा धूर केबिनमध्ये शिरतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

व्यापारी म्हणाला, वेल्डरने चुकीची तार वापरली. आम्ही ३४७ ग्रेडची वापरली होती, ३२१ ला सहसा तीच वापरतात. मग त्याने बिल पुढे केलं. त्यावर ग्रेडच नाही, नुसतं 'एसएस पाइप'.

नवा माल दुसरीकडून घेतला. बिलावर ग्रेड आणि हीट नंबर लिहून घेतला, गन लावल्याशिवाय करवत लावली नाही. जुना व्यापारी आता अर्धे पैसे परत द्यायला तयार आहे, पण त्याच्याकडूनच आणखी माल घेतला तर.