एससीपी, आरसिंक की वर्महोल: कोणत्या कामाला काय वापरावं

एससीपी, आरसिंक आणि वर्महोल ही एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर फाइली पाठवायची कमांड-लाइन साधनं. फाइल एकच आहे, छोटी आहे आणि समोरच्या मशीनवर एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) लॉगिन चालतंय, तर एससीपी पुरे. फक्त एसएसएचचा पोर्ट बदललेला असेल, समजा 2222 असेल, तर जपून. एसएसएचच्या कमांडला पोर्टसाठी छोटा पी (-p) लागतो, एससीपीला कॅपिटल (-P). छोटा पी दिलात तर एससीपी फाइलची वेळ आणि परवानग्या जपायला घेतं, 2222 हे फाइलचं नाव समजतं आणि ‘अशी फाइल नाही’ म्हणून ओरडतं. ओपनएसएसएच (एसएसएच आणि एससीपी ज्या संचात येतात तो) 9.0 पासून एससीपी आतून एसएफटीपी हा फाइली पाठवायचा दुसरा प्रोटोकॉल वापरतं. समोर एसएफटीपी नसलेलं जुनं उपकरण असेल तर कॅपिटल ओ (-O) द्या, म्हणजे जुनाच प्रोटोकॉल वापरला जातो.

खरा फरक कळतो तो कनेक्शन तुटल्यावर. 20 जीबीतले 18 जीबी गेले असले तरी एससीपी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. आरसिंक उरलेलंच पाठवतं, पण त्याला कॅपिटल पी (-P) दिलेला असेल तरच. नाहीतर तुटल्यावर अर्धवट फाइल ते स्वतःच पुसून टाकतं. रोजच्या बॅकअपला तर दुसरा विचारच नको: आकार आणि वेळ तीच असेल तर फाइलला हात लावत नाही, बदललेल्या फाइलीतलेही फक्त बदललेले तुकडे पाठवतं. झिप किंवा एन्क्रिप्टेड फाइलींवर मात्र ही बचत जवळपास होत नाही. तिथे छोटा झेड (-z) लावून पुन्हा कॉम्प्रेस करणं म्हणजे प्रोसेसरला उगाच कामाला लावणं.

आरसिंकमध्ये लोक फसतात ते शेवटच्या स्लॅशवर. ‘फोटो/’ लिहिलं तर आतला माल जातो, ‘फोटो’ लिहिलं तर फोल्डरसकट. त्यात डिलीट पर्याय (स्रोतात नसलेल्या फाइली मुक्कामावरून पुसणारा) जोडलेला असेल तर चुकीच्या फोल्डरमधलं सगळं साफ होऊ शकतं. म्हणून डिलीट वापरताना आधी छोटा एन आणि छोटा व्ही (-nv) लावून कोरडी फेरी, म्हणजे काहीही न बदलणारी चाचणी, घ्या आणि यादी वाचा.

आरसिंक दोन्हीकडे इन्स्टॉल हवं. सुरुवातीलाच प्रोटोकॉल जुळत नसल्याची तक्रार आली तर बहुधा समोरच्या मशीनवरच्या बॅशआरसी (शेल सुरू होताना चालणारी सेटिंगची) फाइलमधला एखादा एको, म्हणजे मजकूर छापणारी कमांड, नको तिथे मजकूर छापतोय. शिवाय स्रोत आणि मुक्काम दोन्ही दूरचे असतील तर आरसिंक सरळ नकार देतं. एका सर्व्हरवर लॉगिन करून तिथूनच चालवावं लागतं. एससीपी हे करतं, पण ओपनएसएसएच 8.7 पासून डेटा, वेगळं काही सांगितलं नाही तर, तुमच्या मशीनमधून फिरून जातो, म्हणजे घरचं इंटरनेट हळू तर कॉपीही हळू.

एसएसएच लॉगिनच नाही, दोन्ही मशीन राउटरमागे आहेत? मग मॅजिक वर्महोल किंवा त्याच्यासारखंच क्रॉक. पाठवणाऱ्याला एक छोटा कोड मिळतो, तो फोनवर सांगायचा, समोरच्याने टाइप करायचा. थेट जोडणी जमली नाही तर डेटा मधल्या रिले सर्व्हरवरून जातो, पण एन्क्रिप्ट होऊनच. फाइल मोठी असेल तर क्रॉक घ्या: तुटलेली कॉपी ते पुढे चालू करतं, वर्महोलला ते जमत नाही.