शियेनफंगचं ‘हजारी’ नाणं घेताय? आधी हे वाचा

सोळा हजार हाँगकाँग डॉलर गेले. 14,800 नाण्याचे आणि 1,200 ‘तपासणी प्रमाणपत्रा’चे. प्रमाणपत्र देणारा दुकानदाराचाच मेव्हणा निघाला!

नाणं चिनी सम्राट शियेनफंगच्या काळातलं, 1854 च्या सुमाराचं, साध्या नाण्याच्या हजारपट किमतीचं, बीजिंगच्या महसूल खात्याच्या टांकसाळीचं. तायपिंग बंडखोरांनी 1853 मध्ये नानजिंग घेतलं, युन्नान प्रांतातलं तांबं येईना, म्हणून दरबाराने असली फुगवलेली नाणी ओतली. लोकांनी ती झिडकारली आणि ती लवकरच बंद पडली. हे सगळं मला पाठ आहे. चियेनलुंग, क्वांगशू या सम्राटांची नाणी मी वर्षानुवर्षं जमवतोय, नवखा नाही.

दुकानदाराने मखमलीवर दोन नाणी ठेवली. “आवडेल ते घ्या.” दोन्हींवर चौकोनी भोकाच्या उजवीकडे, मांचू (तेव्हाच्या राजघराण्याच्या लिपीतल्या) अक्षराच्या शेपटापाशी, मोहरीएवढा खड्डा. त्याच जागी, तेवढाच! वाळूचा साचा दर वेळी मोडतात. हवेचा बुडबुडा ठरवून एकाच जागी बसत नाही, म्हणजे दोन्ही एकाच नमुन्यावरून केलेल्या नकला. मला तो दिसला होता हो. “टांकसाळीची खूण,” तो म्हणाला. अहो, टांकसाळीचं नाव त्या मांचू अक्षरांतच असतं! पण असं नाणं हातात आल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहतं? आणि वजन का नाही केलं म्हणणाऱ्यांनो, शियेनफंगच्या मोठ्या नाण्यांची वजनं एकसारखी असतात कुठे?

घरी अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला. हिरवा गंज कापसावर, खाली लखलखीत तांबं. खरा गंज असा निघत नाही. हा बोळा पैसे देण्याआधी फिरवा, नाही म्हणाला तर उठा.

जाब विचारला तर म्हणे, “त्या काळीही खोटी नाणी पाडत, हे तसलंच असेल, म्हणजे जुनंच!”

चौकीवर तासभर बसवून बिल पाहिलं. त्यावर काय, तर ‘शोभेची तांब्याची वस्तू’. “हा दिवाणी वाद.” ग्राहक तक्रार कार्यालयाने तज्ज्ञांचा अहवाल मागितला, तज्ज्ञ म्हणाले खासगी वस्तू तपासत नाही, आणि बँकेने हात झटकले, कारण कार्डाचं मशीन ‘बिघडलं’ म्हणून मी रोख दिले होते. प्रत्येक खिडकीवर तोच फॉर्म, तेच “पुढच्या आठवड्यात या”. चोर मोकळा आणि फेऱ्या आम्ही मारायच्या!

बिलावर सम्राट, नाण्यावरची किंमत, टांकसाळ लिहून घ्या. रोख देऊ नका. तपासणी कंपनीच्या सीलबंद डबीवरचा नंबरही खऱ्या नाण्याचा चोरलेला असू शकतो. कंपनीच्या नोंदीतला त्या नंबरचा फोटो खड्ड्याखड्ड्याने ताडून पाहा.

उजवीकडे तसाच खड्डा असलेलं हजारी कुणी घेतलं असेल तर बिल जपून ठेवा आणि मला कळवा. दोन तक्रारी एकत्र गेल्या तर कदाचित फाईल हलेल.