अ‍ॅक्सिस अँड अलाइज १९४२: समुद्रासाठी घ्या, पण क्रूझरच्या नादी लागू नका

दुसऱ्या महायुद्धावरच्या या बोर्ड गेमची दुसरी आवृत्ती, म्हणजे २०१२ साली आली ती, बरेच डाव खेळून झाल्यावर लिहितोय. सुरुवातीचे पाच-सहा डाव मी समुद्राकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं, सगळं लक्ष रशिया-जर्मनीच्या सीमेवर, इन्फन्ट्री आणि रणगाडे लोटायचे आणि फासे टाकत बसायचं. मग एका डावात मी जपानकडून खेळलो आणि एका दुपारात अख्खं आरमार घालवून बसलो, तेव्हा कळलं की जमिनीवरची लढाई नुसती बेरीज आहे, खरा गेम समुद्रात आहे.

मूळ नियम सोपा. प्रत्येक बोटीला हल्ल्याचा आणि बचावाचा आकडा, सहा बाजूंच्या फाशावर तेवढं किंवा त्याहून कमी दान पडलं की हिट. सबमरीन ६ आयपीसीला (आयपीसी म्हणजे गेममधले पैसे), हल्ला २ बचाव १. डिस्ट्रॉयर ८ ला, २ आणि २. क्रूझर १२ ला, ३ आणि ३. कॅरिअर, म्हणजे विमानवाहू बोट, १४ ला, १ आणि २, वर दोन फायटर विमानं बसतात. बॅटलशिप २० ला, ४ आणि ४, आणि ती बुडवायला दोन हिट लागतात. आता नवखा माणूस काय करतो, दुकानात गेल्यासारखा सगळ्यात मोठी सोंगटी उचलतो. मीपण तेच केलं.

पण एकदा कागद घेऊन बसा. २४ आयपीसीत दोन क्रूझर येतात किंवा तीन डिस्ट्रॉयर. हल्ल्याची बेरीज दोन्हीकडे ६ च, पण डिस्ट्रॉयरवाला तीन हिट खातो आणि क्रूझरवाला दोनच, आणि पहिली बोट बुडाल्यावर त्याची निम्मी ताकद गेली. त्याच पैशात चार सबमरीन घेतल्या तर हल्ला ८ आणि चार हिट! फक्त बचावात त्या अगदीच लेच्यापेच्या, म्हणून पुढे सरसावून मारायच्या, किनाऱ्याला बांधून ठेवायच्या नाहीत. क्रूझरला किनाऱ्यावर तोफा डागता येतात हे खरं, पण त्याच समुद्रघरात आधी बोटींची लढाई झाली तर ती तोफांची फेरी रद्द होते, आणि उतरवलेल्या सैनिकी सोंगट्यांपेक्षा जास्त बोटींना डागताही येत नाही. समोरच्याने एक डिस्ट्रॉयर तिथे नुसती उभी केली की संपला तुमचा बेत.

ही एकटी डिस्ट्रॉयर उभी करायची युक्ती म्हणजे या गेममधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. बोटी एका चालीत दोन घरं जातात, पण शत्रूची लढाऊ बोट वाटेत असली की तिथेच थांबून लढावं लागतं. म्हणजे ८ आयपीसीची एक बोट बळी देऊन तुम्ही समोरच्याचं शंभर-सव्वाशेचं आरमार एक फेरी अडवून ठेवता, तेवढ्यात तुमची नवीन बांधणी पाण्यात उतरते. सबमरीन किंवा ट्रान्सपोर्टने (सैन्य वाहून नेणाऱ्या बोटीने) हे होत नाही, त्यांना बघून न बघितल्यासारखं करून पुढे जाता येतं.

आता सबमरीन-डिस्ट्रॉयर-विमान हे त्रांगडं. इथे सगळे अडखळतात आणि नियमपुस्तिकेतलं ते पान दोनदा वाचल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. समोर डिस्ट्रॉयर नसेल तर सबमरीन आधी फासे टाकते आणि तिच्या हिटने बुडालेली बोट उलट मारूच शकत नाही, नाहीतर तिला वाटलं तर ती पाण्याखाली जाऊन लढाईतून सटकते. सोबत आपली डिस्ट्रॉयर नसेल तर विमानांना सबमरीन मारता येत नाही. आणि सबमरीनला विमान कधीच मारता येत नाही. यातून निघणारी मेख अशी की बचावात स्वस्तातला बळीचा बकरा म्हणून सबमरीन साठवल्या आणि शत्रू फक्त विमानं घेऊन आला, तर ते हिट सबमरीनवर घेताच येत नाहीत, सरळ कॅरिअरवर बसतात. माझं जपानी आरमार असंच गेलं. पाच सबमरीन शेवटपर्यंत ठणठणीत, बाकी सगळं तळाला.

विमानं हीच इथली खरी ताकद आहे. एक कॅरिअर आणि दोन फायटर मिळून ३४ आयपीसी, बचावाची बेरीज १०. तेवढ्याच पैशात एक बॅटलशिप आणि रिकामी कॅरिअर घेतली तर बेरीज ६. इतिहासाशीही हे बरं जुळतं, १० डिसेंबर १९४१ ला ब्रिटिशांच्या प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या युद्धनौका विमानांचं छत्र नसताना जपानी विमानांनी बुडवल्याच होत्या. शिवाय दोस्त राष्ट्रं हल्ला आपापल्या पाळीतच करतात पण बचाव एकत्र करतात, त्यामुळे अमेरिकेच्या कॅरिअरवर ब्रिटनची फायटर बसवून ठेवली की जर्मनी अटलांटिककडे बघायलाही घाबरतो.

ट्रान्सपोर्टबद्दल मतभेद होणार हे मला माहितीये. जुन्या आवृत्त्यांमध्ये ट्रान्सपोर्ट ८ ला मिळायची आणि बचावात १ वर मारायची, त्यामुळे लोक तिलाच ढाल करायचे. आता ती ७ ला आहे, शून्य-शून्य, सगळ्यात शेवटी मरते आणि राखणीला कोणी उरलं नाही की समोरच्याचं एक बॉम्बरसुद्धा चार ट्रान्सपोर्ट एका झटक्यात संपवतं, आतल्या माणसांसकट. आमच्यातले जुने खेळाडू अजून यावर कुरकुरतात. मला हा बदल पटतो, कारण त्यामुळे राखणीच्या बोटी घेणं भाग पडतं आणि आरमाराला आरमाराचं रूप येतं.

वेळ भरपूर लागतो, चार-पाच तास धरूनच बसा, आणि दोघातही खेळता येतो पण तिघं-चौघं असले की मजा येते. ज्यांना फाशांची चीड आहे त्यांनी लांबच राहावं, चार बॅटलशिपवाल्यालाही चारदा ५-६ पडताना मी बघितलंय आणि बचाव करणाऱ्याला समुद्रात माघार नसते, ती फक्त हल्ला करणाऱ्याला. क्रूझरचं म्हणाल तर आम्ही आपसात ठरवून तिची किंमत १० केलीय. त्यानंतर सात-आठ डाव झाले असतील, एकच विकली गेलीय, तीही मीच घेतली आणि दुसऱ्या फेरीत बुडवली.